तुफान, बादल आणि पाचशे चोवीस मिनिटं

पाचशे चोवीस मिनिटं बाकी, असं आत्ता पडद्यावर आलं आहे. घड्याळात अकरा चाळीस झाले आहेत. सहा वाजता लाइट जाणार, म्हणजे माझ्याकडे तीनशे ऐंशी मिनिटं आहेत. आता पडदा पाचशे एकोणचाळीस म्हणतो. एक मिनिट गेलं की बाकीची मिनिटं पंधराने वाढतात, असं हे गणित आहे. माउसला हात लावायचा नाही, की-बोर्डाला लावायचा नाही, टेबलाजवळून पाय आपटत जायचं नाही. हातांना काही काम हवं म्हणून पेन धरलं, आणि समोर तुम्ही आलात.

तर प्रफुलभाऊजी, आधी करायचा नमस्कार आता करतो. तो साष्टांग समजावा. खरोखर घातला तर फरशी हादरेल आणि फरशीवर टेबल आहे. तुमची कंबर कशी आहे? सिमेंटच्या धुळीचा खोकला यंदा कमी आहे ना? नूतनबाई बरी असेल. (माझी ती सख्खी थोरली बहीण, पण पत्र तुम्हाला आहे म्हणून आधी तुमची कंबर विचारली.) इकडे मी, रीता, घर, सगळं ठीक. एक सोडून. त्या एकाचंच हे पत्र आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, दोन पावसाळे मी सावली गावाला बायनामावशीच्या भाताच्या बांधीवर छत्री धरून उभा होतो. धानाचा रोवणा सुरू झाला की मावशी गाण्याची पुढची ओळ म्हणते आणि मागून चौघी जणी ती ओढतात. शाळेचा टेपरेकॉर्डर प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी ते सगळं घेतलं. गाणी दोनशे बारा. शिवाय गाण्यांच्या मधलं बोलणं, बेडूक, पाऊस, आणि वाकडी ओळ रोवणाऱ्यांना मावशीने दिलेल्या शिव्या (त्या मी वेगळ्या काढलेल्या नाहीत, काढल्या तर काही गाणी निम्मी होतात). कॅसेटी माझ्याकडे सहाच होत्या. एक भरली की ती कॉम्प्युटरमध्ये उतरवायची आणि तीच पुसून पुन्हा चिखलात न्यायची. तेव्हा ही काटकसर मला फार शहाणपणाची वाटली. आता अशी स्थिती आहे की ती गाणी जगात एकाच ठिकाणी आहेत, आणि ते ठिकाण या क्षणी कट्कट् आवाज करत आहे.

मावशीला पुन्हा गायला लाव, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. मावशीचे गुडघे गेले. ती आता बांधीत उतरत नाही. ओट्यावर बसून गा म्हटलं तर म्हणाली, "ओट्यावर का रोवणा हाये, बाबू? मले का नाटक कंपनीत घालाचं हाये का?" आणि मागून ओढणाऱ्या चौघींपैकी बुधरी दिवाळीआधी गेली. बुधरी म्हणजे आमच्या शेजारच्या धनराजभाऊंची बहीण. मावशीचा आवाज आहे, पण गाणं उचलायची ती बुधरी. ती आता त्या डिस्कवरच आहे.

गुरुवारी डिस्क बोलायला लागली. कट्, कट्, मग एक लांब उसासा, मग पुन्हा कट्. ब्रह्मपुरीच्या मेकॅनिकला फोन केला आणि फोन कॉम्प्युटरच्या पोटाला लावून त्याला आवाज ऐकवला. त्याने डॉक्टरसारखं थोडं थांबून सांगितलं, "सर, हे आता चालून राह्यली तवरच हाये. बाहेरचा ड्राइव्ह घ्या, फास्टवाला, अन् समदं काढून घ्या. थांबली का थांबली." जलद कशाला हवा, तेही त्याला सांगावं लागलं नाही. इथे वडशात लाइट येते-जाते ती तासांच्या हिशोबाने. हळू ड्राइव्ह म्हणजे दोन लोडशेडिंगच्या मध्ये अडकलेला ड्राइव्ह.

मग तुम्हाला फोन केला. तुम्ही वीस मिनिटं जे सांगितलं ते मी दूध-हिशोबाच्या कॅलेंडरवर जानेवारीच्या चौकटींत लिहून घेतलं. आतली तबकडी मिनिटाला किती फेरे घेते ते पाहा. सात हजार दोनशे असेल तर उत्तम, पाच हजार चारशे असेल तर मध्यम. मोठा घे, स्वतःचं अडॅप्टर असलेला. लहान ड्राइव्ह कॉम्प्युटरच्याच विजेवर जगतो. आणि खोक्यावर 'हाय स्पीड' लिहिलेलं पाहिजे, 'फुल स्पीड' नको, कारण फुल स्पीड हा फार हळू असतो. हे मला लगेच पटलं. एस.टी.ची 'जलद' गाडी नागभीडपर्यंत किती ठिकाणी थांबते हे मी अनुभवलेलं आहे.

इतकं स्पष्ट सांगितल्यावर चूक व्हायला जागा नव्हती. ती कशी झाली ते सांगतो. (चारशे शहाण्णव मिनिटं. बारा वाजून पाच.)

शुक्रवारी निकेश नागपूरहून आला. निकेश म्हणजे बसस्टँडसमोरचा फोटो स्टुडिओवाला, लग्नाची शूटिंगं करणारा. त्याच्या ओळखीवर दुकानदाराने दोन ड्राइव्ह दिले होते: वापरून पाहा, एक ठेवा, एक परत करा. एक काळा, विटेएवढा, स्वतःचं अडॅप्टर घेऊन आलेला. दुसरा चंदेरी, तंबाखूच्या डबीपेक्षा थोडा मोठा. तुमच्या कसोट्या लावल्या असत्या तर काळा ठरवायला पाच मिनिटं पुरली असती. शनिवारी सकाळी मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, तेवढ्यात धनराजभाऊ आले.

धनराजभाऊ चोवीस वर्षं या भागातल्या शंकरपटांत घड्याळ धरतात. बैलांच्या दोन जोड्या शेजारशेजारच्या दानींवरून, म्हणजे धावपट्ट्यांवरून, सुटतात, झेंडी पडते, आणि शेवटच्या रेषेवर धनराजभाऊ बटण दाबतात. त्यांनी सांगितलेल्या सेकंदाला आजवर कोणी आव्हान दिलेलं नाही. त्यांनी दोन्ही खोकी हातात घेतली, फिरवली, खाली ठेवली.

"खोक्यावरचं वाचून जोडी घेतली का कोणी आजपावेतो? तुमी मास्तर लोकं लिहेलं समदं खरं मानता. धाव पाहा लागते, सर, धाव!"

मी म्हटलं, एकेकाची वेळ घेऊ. आधी एक लावू, मग दुसरा.

"एकटा बैल कधी पयते का? बाजूले दुसरा दिसला का मंग त्याच्या आंगात येते. दोघाइले संगंच सोडा लागते."

भाऊजी, मी एम.ए. आहे. यंत्राला शेजारचं यंत्र दिसत नाही हे मला कळतं. पण धनराजभाऊ बोलत असताना ते कळत नाही. शिवाय यात न्यायाची बाजू होती: एकच वेळ, एकच ओझं, एकच लाइट. मला ते पटलं, निकेशला पटलं, आणि बघायला आलेल्या नऊ जणांना तर फारच पटलं. नावंही पडली. काळा तो बादल, चंदेरी तो तुफान.

मग दान ठरवायची वेळ आली. कॉम्प्युटरच्या तोंडावर खाली शेजारशेजार दोन भोकं आहेत. मागेही दोन आहेत. निकेश म्हणाला, मागे लावू का. धनराजभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो अर्धं पाऊल सरकला.

"भितीकडं तोंड करून पट पाह्यते का कोणी? दान समोर पायजे. लोकाइले दिसली पायजे."

दोन्ही ड्राइव्ह पुढे लावले. दहा गाणी बादलवर, तीच दहा तुफानवर. धनराजभाऊंनी हातरुमाल वर केला आणि पाडला. मी आणि निकेशने एका माउसवर दोन हात ठेवून दोघांना जेमतेम एकदम सोडलं. पट दहा-बारा सेकंदांत संपतो. हा पंचावन्न मिनिटं चालला. पहिली पाच मिनिटं आरडाओरडा झाला. पंधराव्या मिनिटाला लोक बसले. तिसाव्या मिनिटाला दोघे जेवून आले. धनराजभाऊ मात्र अंगठा बटणावर ठेवून तसेच उभे होते.

सुरुवातीलाच पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी चिठ्ठी आली होती, इंग्रजीत. मी सगळ्यांसाठी अर्थ सांगितला: हे यंत्र याहून जोरात धावू शकतं. धनराजभाऊंनी मांडीवर थाप मारली. "पाहा! कॉम्प्युटर बी म्हणून राह्यला, दम हाये अजून!" दुसऱ्यासाठीही तशीच चिठ्ठी आली, तेव्हा दुसऱ्यालाही शाबासकी मिळाली. मी दोन्ही मिटवल्या.

तुफान चार सेकंदांनी जिंकला. काळ्याच्या बाजूने बोलणारा एकटा मी होतो, आणि माझ्या हातात पुरावा म्हणून दुधाचं कॅलेंडर होतं. बादल खोक्यात गेला. आता सगळी गाणी तुफानवर घालू म्हणून मी खुर्ची ओढली, आणि लाइट गेली. यूपीएस सात मिनिटं ओरडला आणि गप्प झाला. डिस्कही थांबली. संध्याकाळी चार वेळा प्रयत्न केला, उठली नाही. मेकॅनिक म्हणाला, रात्रभर राहू द्या, सकाळी एकदा पाहा.

आज संक्रांत. सकाळी दहाला लाइट आली. पाच वेळा कट्कट्. सहाव्यांदा पडदा उजळला. मी तुफान लावला, तसाच, जिंकला होता त्याच जागी (जिंकल्या बैलाची दान कोण बदलतं?), आणि दोनशे बारा गाणी सोडली. पडदा म्हणाला, सहाशे चौदा मिनिटं. तेव्हापासून कोणी जोरात बोललेलं नाही. फ्यूज उडू नये म्हणून मिक्सर बंद, पंप बंद, टीव्ही बंद. रीता पाट्यावर तीळ वाटते आहे आणि ते मला ऐकू यावं एवढ्या जोराने वाटते आहे. "डबड्याले लाइट, अन् मले पाटा," हे एक वाक्य सकाळपासून तिसऱ्यांदा आलं. धनराजभाऊ उंबऱ्यावर बसले आहेत. घड्याळ चालू केलेलं आहे. मघा म्हणाले, "बुधरीबाईची गाणी आधी जाते का मंग जाते, सर?" मी म्हटलं, ती सगळ्यांतच आहे.

एक चाळीस. चारशे अकरा मिनिटं. सहाला दोनशे साठ उरली. म्हणजे साधारण चौथा हिस्सा गाणी मागे राहणार. कोणती, ते नावांच्या क्रमावर आहे. शेवटी 'स' आणि 'ह' आहेत. सासू, सासरा, सून, सवत, सगळे 'स'मध्ये. खरी गाणी तीच, हे मी तुम्हाला सांगायला नको. जावयाला चिखलात बसवून वर पाणी मागणारं गाणं तुम्ही सावलीला स्वतः बसून ऐकलं आहे.

असो. रडगाणं पुरे. तुमचे एका गोष्टीबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते या निमित्ताने मानतो. दिवाळीत तुम्ही पाहुणे म्हणून आलात आणि दोन तास टेबलाखाली पडून कॉम्प्युटरला मागून एक नवं कार्ड बसवून दिलंत. कंबर तेव्हाच धरली. कार्ड कशासाठी ते तुम्ही सांगितलं होतं. पुढची भोकं जुनी आहेत, फार हळू. पुढे कधी बाहेरचा ड्राइव्ह घेतलास तर या मागच्या नव्या

भाऊजी, थांबा.

(हे दुसरं पेन आहे. आधीचं टेबलाखाली गेलं.)

दोन वाजून पन्नास झाले आहेत. क्रमाने सांगतो. मी वरचं वाक्य अर्धं टाकून उभा राहिलो. त्या दोन पिवळ्या चिठ्ठ्या आठवल्या. ती शाबासकी नव्हती, तक्रार होती. मी मोठ्याने म्हटलं, मागे लावायला हवा होता! धनराजभाऊ म्हणाले, मंग आता? आता म्हणजे चालू काम तोडायचं, केबल काढायची, आणि तेवढ्यात डिस्कने श्वास सोडला तर जे येत होतं तेही नाही.

"पयत्या बैलाचं जू काढते का कोणी?" धनराजभाऊ कुजबुजले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मी माउसवर हात ठेवला आणि काढला. ठेवला, काढला. पडद्यावर चारशे चार. तेवढ्यात रीता दोन्ही हातांना तीळगूळ लागलेली बाहेर आली आणि चौकटीत उभी राहिली.

"भाऊजीनं मागं लावून देलं ना? मंग मागंच लावा ना. इचार काऊन करून राह्यले?"

एवढंच. तिने यावर सेकंददेखील घालवला नाही. मी काम तोडलं, केबल उपटली आणि टेबलाखाली शिरलो. खाली जाळी, एक मेलेली पाल, गेल्या वर्षीची एक उत्तरपत्रिका (मुलाला मी ती हरवली म्हणून सरासरी गुण दिले होते, त्यात तो नापास झाला, हिच्यावर पास झाला असता). बोटांनी भोक चाचपलं. एकदा उलटं लावलं. दुसऱ्यांदा बसलं. वरून धनराजभाऊंचा आवाज आला, "दिवा लागला, सर!" बाहेर आलो. कोपऱ्यात चिठ्ठी नव्हती. या खेपेला कॉम्प्युटरला काहीच म्हणायचं नव्हतं. उरलेली गाणी निवडली आणि सोडली.

पडदा म्हणाला, एकशे दोन मिनिटं. मग म्हणाला, एकतीस. मग अठरा. भाऊजी, ती हिरवी पट्टी पळत होती! नावं वाचता येत नव्हती. 'म' गेला, 'र' गेला, मावशीच्या शिव्या गेल्या, बेडूक गेले. धनराजभाऊ उंबऱ्यावरून उठून माझ्या पाठीशी आले आणि माझ्या खांद्यावर बोटं रुतवून, "चाल बेटा, चाल बेटा, चाल चाल चाल," असं म्हणत राहिले. ते गाण्यांना म्हणत होते, ड्राइव्हला, की डिस्कला, कोणास ठाऊक. 'स' लागला. डिस्क एकदा कट् म्हणाली आणि आम्ही तिघांनी श्वास धरला. सासू गेली. सून गेली. दोन वाजून एकतीस मिनिटांनी ती चौकट पडद्यावरून नाहीशी झाली.

घड्याळ दाबायचं धनराजभाऊ विसरले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

तपासायला म्हणून शेवटचं गाणं तुफानवरून लावलं. आधी पाऊस, मग मावशी, मग मागून ओढ. चार आवाजांत एक वर चढला. धनराजभाऊंनी घड्याळ खिशात घातलं. "हे बुधरीबाई," म्हणाले. गाणं संपेपर्यंत उभे होते. मग रीताने त्यांच्या हातावर तीळगूळ ठेवला.

तर गाणी वाचली. तुमच्या कार्डामुळे, तुमच्या कंबरेमुळे आणि रीतामुळे. तुमची आज्ञा मोडून लहान ड्राइव्ह घेतला याबद्दल रागवू नये. मागच्या भोकात लहानही पळतो. नूतनबाईला नमस्कार सांगा. तुम्हालाही पुन्हा एकदा, आता फरशी हादरली तरी हरकत नाही.

आपला,
घनश्याम

ता.क. वरचा मजकूर तीन वाजता संपवला. आता साडेचार झाले आहेत. मधल्या वेळात एक गोष्ट घडली. ती कळवायला हवी. धनराजभाऊ शुद्धीवर आल्यावर म्हणाले की कालचा पट रद्द धरावा लागेल, कारण दानच खराब होती. घड्याळ धरणाऱ्याच्या अब्रूचा प्रश्न होता. सहाला तीन तास होते, बादल खोक्यात होता, मागे दोन चांगली भोकं होती, आणि आम्ही सगळे फार आनंदात होतो. निकेशही आला. आनंदात माणसाने काही ठरवू नये, हे मला आत्ता कळतं.

आणखी एक ता.क. पटाला ओझं लागतं. गाण्यांना आता हात लावायचा नाही, असं रीताने बजावलं, ते बरोबरच होतं. म्हणून डिस्कवर दुसरं काही जड आहे का ते शोधलं. एक मिळालं. चौदा तुकडे, प्रत्येक अकरा मिनिटांचा, निकेशनेच जुन्या कॅसेटवरून उतरवून ठेवलेले: तुमचं आणि नूतनबाईचं लग्न. दोघांवर एकाच वेळी सोडलं. पहिला तुकडा दोघांनीही झपाट्याने नेला. दुसऱ्यात बादल किंचित पुढे होता. (तुमचं बरोबर होतं, काळाच घ्यायला हवा होता.) मग डिस्कने एक आवाज केला, जो तिने तोवर केला नव्हता, आणि पडदा निळा झाला. निकाल लागलेला नाही.

शेवटचा ता.क. लग्नाची मूळ कॅसेट आपण परत दिली, असं निकेश म्हणतो. कुणाकडे, ते त्याला आठवत नाही. तुमच्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात, साड्यांच्या मागे पाहाल का? बाई घरी नसताना. हे फोनवर विचारलं असतं, पण तुमच्याकडे फोन बाई उचलते. म्हणूनच पाकिटावर पत्ता कारखान्याचा घातला आहे. उत्तरही शाळेच्या पत्त्यावर पाठवावं. इथे पत्रं रीता फोडते, आणि दोघी दर रविवारी बोलतात.

सोमवार, सकाळ. लाइट पाचला आली. कॉम्प्युटर नऊ वेळा सुरू करून पाहिला, उठला नाही. दोन्ही ड्राइव्ह निकेशच्या स्टुडिओत नेऊन लावले. तुफानवर दोनशे बारा गाणी आहेत, सगळी वाजतात. लग्नाचा पहिला तुकडा दोन्हींवर आहे. तुमची वरात मांडवाच्या दारापर्यंत येते.